फोर्ट-कुलाब्यात मुक्काम: पंधरा खोल्यांचं बुटीक की तीनशे खोल्यांचं मोठं हॉटेल?

बोराबाजार
काम हायकोर्टात, फोर्टात किंवा बॅलार्ड इस्टेटमध्ये असेल आणि मुक्काम दोन-तीन रात्रींचा असेल, तर छोटं बुटीक हॉटेलच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. जुन्या इमारतीचे एक-दोन मजले घेऊन केलेली ही १२ ते २० खोल्यांची हॉटेलं मोक्याच्या जागी असतात. खाली उतरलं की चालत कामावर. ‘विमानतळाजवळ राहिलेलं बरं’ हा जुना युक्तिवादही आता लंगडा झालाय. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत येते. विमानतळाच्या टी-२ टर्मिनलला बसा, हुतात्मा चौकाला उतरा. गाडी बदलायची नाही आणि तिकीट ७० रुपयांच्या आत.

दुसरा मुद्दा कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. बुटीकवाल्यांचे दर बरेचदा या रेषेच्या आसपास घुटमळतात. ७,५०० ची खोली करासकट ७,८७५ ला पडते, ७,६०० ची ८,९६८ ला. म्हणजे शंभर रुपयांच्या फरकापायी खिशातून १,०९३ जास्त जातात. नाश्ता खोलीच्या दरातच धरला असेल (सीपी प्लॅन) तर तोही या हिशेबात येतो. म्हणून नुसती खोली (ईपी) मागा आणि सकाळी धोबी तलावाला कयानीत जा. १९०४ पासून ते लोक चहा-बन मस्का देताहेत, हॉटेलच्या टोस्टपेक्षा वाईट नक्कीच नाही.

डक्टव्ह्यू
मोक्याची जागा मान्य. पण ‘बुटीक’ म्हणजे नक्की काय हो? पर्यटन मंत्रालयाचं तारांकन ऐच्छिक आहे आणि त्यात बुटीक नावाचा वर्गच नाही. दोन पितळी दिवे, एक मोरपंखी भिंत आणि जुन्या मुंबईचे फ्रेम केलेले फोटो लावले की कुठलंही लॉज बुटीक होतं.

त्यात या इमारतींची मूळ दालनं मोठी, छत चौदा फूट. त्यांना मधे जिप्समची भिंत घालून दोन-दोन खोल्या केलेल्या असतात. शेजारच्याचा फोन व्हायब्रेट झालेला ऐकू येतो. वर सागवानी तुळयांवरची जमीन, वरच्या मजल्यावर कुणी टाचा आपटत चाललं की इथे दणदण. आणि खिडकी? वाटणीत एकीला रस्ता मिळतो, दुसरीला डक्ट (इमारतीच्या आतला उभा बोळ). साइटवर दोन्हींपुढे ‘खिडकी आहे’ एवढंच लिहितात. डक्टमध्ये काय असतं ते मुंबईकराला सांगायला नको: एसीची आउटडोअर युनिटं, ड्रेनेजचे पाइप आणि कबुतरं.

बोराबाजार
डक्टची खोली ही विचारायची गोष्ट आहे, टाळायची नाही. शांत झोप हवी असेल तर उलट तीच घ्या! रस्त्याकडच्या खिडक्या जुन्या लाकडी चौकटीच्या, एकेरी काचेच्या. वारसा यादीतली इमारत असेल तर दर्शनी बाजूला मनाला येईल ते बदलता येत नाही, त्यामुळे आतून दुसरी काच बसवली नसेल तर पहाटेचे हॉर्न थेट उशीशी.

नाइट_ऑडिट
दोघेही सजावट आणि खिडक्यांवर भांडताय. खरा फरक खोल्यांच्या संख्येत आहे.

तीनशे खोल्यांच्या हॉटेलात एसी बंद पडला तर पाहुण्याला दहा मिनिटांत दुसरी खोली देतात. पंधरा खोल्यांचं हॉटेल शनिवारी भरलेलं असतं. मेकॅनिक सकाळी येणार, तोवर टेबलफॅन. सकाळी ६ ला विमानाने उतरणाऱ्याचीही तीच गत. चेक-इन दुपारी २ चं असतं आणि आदल्या रात्रीची एकही खोली रिकामी नसेल तर मॅनेजर देणार कुठून? बॅगा ठेवून घेतील आणि कॉमन बाथरूम दाखवतील. लवकर खोली हवीच असेल तर आदल्या रात्रीचं भाडं भरून बुक करणं हाच खात्रीचा मार्ग. तरीही ‘सकाळी ६ ला येणार’ हे बुकिंगवर लिहून घ्या. नाहीतर रात्री आला नाहीत म्हणून ‘नो-शो’ टाकून खोली दुसऱ्याला देतात.

आता गरम पाणी. बहुतेक ठिकाणी बाथरूममध्ये १५ लिटरचा गिझर असतो. आतलं पाणी ६० अंशांचं आणि नळाचं २७ चं धरलं, तर ४० अंशांचं अंघोळीचं पाणी साधारण ३८ लिटर मिळतं. मिनिटाला ९ लिटर सोडणारा मोठा शॉवर ते चार मिनिटांत संपवतो. २ किलोवॉटच्या कॉइलला पुन्हा तापवायला सतरा-अठरा मिनिटं लागतात. दोघांना लागोपाठ अंघोळ करायची असेल तर बादली मागा, त्याच पाण्यात दोघांची नीट होते. ‘गरम पाणी येत नाही’ या तक्रारींमागे पुष्कळदा हेच गणित असतं, गिझर बिघडलेला नसतो.

बाथरूमला वास येत असेल तर लगेच खोली बदलायला धावू नका. खोली बरेच दिवस रिकामी राहिली की नहाणी ट्रॅपमधलं (जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्यातलं) पाणी सुकतं. ते पाणीच ड्रेनेजची हवा अडवून धरतं. दोन मग पाणी ओता, थोड्या वेळात वास जातो. पुन्हा आला तर जाळी किंवा जोड सैल आहे, मग मात्र बदलून मागा. पावसाळ्यातला कुबट वास वेगळा, तो गादी आणि एसीच्या फिल्टरमधून येतो. त्याला रूम फ्रेशनर हा उपाय नव्हे.

डक्टव्ह्यू
हेच तर म्हणतोय मी! आठ हजार मोजून नहाणी ट्रॅपची देखभाल पाहुण्याने करायची?

आणि आगीचा विषय कुणी काढतच नाही. जुनी इमारत, लाकडी जिना आणि तो एकच. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत ‘बी फॉर्म’ (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) घ्यावा लागतो. तो मागून बघा, मॅनेजरचा चेहरा कसा होतो ते कळेल.

नाइट_ऑडिट
मागाच, यात गैर काही नाही. त्याखेरीज स्वतःच्या डोळ्यांनी तीन गोष्टी बघता येतात: दुसरा जिना आहे का आणि त्याचं दार कुलूपबंद तर नाही ना, मजल्यावरच्या फायर एक्स्टिंग्विशरच्या लेबलवरची तारीख, आणि खोलीच्या खिडकीला पक्की जाळी आहे का. पक्की जाळी आणि एकच जिना असं दोन्ही असेल तर मीसुद्धा ती खोली घेऊ नका असंच म्हणेन, मग दर काहीही असो.

सिडनीकर
ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांचं) असलेल्या पाहुण्यांना छोटी हॉटेलं परत पाठवतात असं ऐकलंय. नियम आहे का तसा?

नाइट_ऑडिट
परत पाठवायचा नियम नाही. परदेशी पासपोर्टवाल्या पाहुण्याची ऑनलाइन नोंद २४ तासांत करावी लागते, ओसीआयवाल्यांचीही. काही छोट्या हॉटेलांनी त्यासाठी नोंदणीच केलेली नसते, म्हणून ‘फॉरेनर अलाउड नाही’ म्हणतात. पैसे भरण्याआधी फोनवर नाही, ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. थेट हॉटेलशी बोलताच आहात तर दरही विचारा. बुकिंग साइटचं कमिशन १५ टक्क्यांच्या पुढे असतं, त्यातला थोडा हिस्सा सुटतो, निदान चेक-आउटची वेळ तरी वाढवून मिळते.

बोराबाजार
ऑफिसच्या खर्चाने येणाऱ्यांसाठी एक पुरवणी. महाराष्ट्रातलं हॉटेल सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि महाराष्ट्राचा जीएसटी) लावतं. कंपनीची जीएसटी नोंदणी फक्त बंगळुरूची असेल तर त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे हा कर कंपनीला आपल्या करातून वजा करता येत नाही.  तेव्हा कर वजा होईल असं धरून महागडी खोली घेऊ नका.

गुडघेदुखी
सत्तरीच्या जोडप्यासाठी बघायचं आहे. ‘लिफ्ट आहे’ असं लिहिलंय. पुरे आहे का एवढं?

डक्टव्ह्यू
मुळीच नाही. ती लिफ्ट इमारतीची असते, हॉटेलची नव्हे. बरीचशी जाळीच्या दोन दारांची, तीन माणसांची. कुठे ‘फक्त वर जाण्यासाठी’ अशी पाटीही असते. रात्री लिफ्टमन गेल्यावर ती चालू राहते का आणि लिफ्टपर्यंत पोचायला रस्त्यापासून किती पायऱ्या, हे दोन्ही विचारा.

बोराबाजार
इथे डक्टव्ह्यूंशी सहमत, काय करणार! आणखी एक: बाथरूमच्या दाराशी पायरी आहे का? जुना स्लॅब फोडता येत नाही, म्हणून पाइप वरून टाकतात आणि बाथरूमची जमीन सहा-आठ इंच उचलतात. रात्री अंधारात तिथेच पाय अडकतो. त्या दाराचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा.

गुडघेदुखी
मागवला. पायरी आहे, आणि ओल्या फरशीवर पायपुसणं. नरिमन पॉइंटच्या मोठ्या हॉटेलांचे दर बघतो.