मेट्झ २२ चा घर्षण-गिअर: फायबरच्या कडेवर सपाट डाग का पडतात?

आडवा_दांडा:
मेट्झ २२, कार्टरकार, लॅम्बर्ट या अमेरिकन गाड्यांत दात्यांची गिअरपेटी नव्हती. इंजिन धातूची सपाट चकती फिरवतं. तिच्या तोंडावर काटकोनात फायबरच्या (दाबलेल्या पुठ्ठ्याच्या) कडेचं चाक टेकतं आणि आडव्या दांड्यावर सरकतं. चकतीच्या केंद्राजवळ आलं की गाडी सावकाश, बाहेर गेलं की वेगात, केंद्र ओलांडलं की रिव्हर्स. दांड्यावरून पुढे साखळीने चाकं फिरतात. पण मशीन डिझाइनचा नियम सांगतो की मऊ पदार्थ फिरवणाऱ्या भागावर हवा. इथे उलटं का? आणि डाग पडल्यावर दुरुस्ती कशी करायची?

फ्लँज:
नियम बरोबर आहे, आणि डागांचं कारण त्यातच आहे. गाडी उभी असते तेव्हा फायबरचं चाकही थांबलेलं असतं. चाक चकतीवर दाबलं आणि ते लगेच फिरलं नाही, तर चकती त्याच्या एकाच जागेला घासत राहते. दोन-चार सेकंदांत तिथे सपाट होतं. मग प्रत्येक फेऱ्याला ठोका बसतो आणि डाग वाढत जातो.

फायबर चकतीवर लावलं असतं तर हा डाग टळला असता, पण धातूच्या अरुंद कडेने चकतीवर नेहमीच्या वेगाच्या जागी गोल चर पाडला असता आणि चाक सरकताना त्यात अडकलं असतं. शिवाय कड बदलणं स्वस्त, अख्खी चकती बदलणं महाग. त्यामुळे निवड योग्यच होती, मात्र चालवणाऱ्याने जपायला हवं. सुरुवात केंद्राजवळच्या जागेवरून करा, इंजिन मंद ठेवा आणि दाब एकदाच, ठामपणे द्या. क्लचसारखा अर्धवट दाबून धरू नका. वेग बदलताना आधी दाब सोडा, मग चाक सरकवा.

लेथवरचा:
दाबाचा हिशोब केला की चढावर काय होतं ते कळतं. मिनिटाला १००० फेऱ्यांना १० अश्वशक्ती धरा. चाक केंद्रापासून २०० मिमीवर असेल तर कडेवर सुमारे ३६ किलो ओढ येते, ७५ मिमीवर सुमारे ९६ किलो. घर्षणगुणांक (ओढ भागिले दाब) ०.२५ धरला (अमेरिकन अभियंते गॉस यांच्या चाचण्यांत पेंढ्याच्या पुठ्ठ्याचा साधारण एवढाच आला होता) तर दाब अनुक्रमे १४५ आणि ३८५ किलो लागतो. म्हणजे जिथे जोर हवा, तिथेच घसरण्याची भीती सर्वात जास्त.

कड रुंद करून हे सुटत नाही. ४० मिमी रुंद कड ७५ मिमीवर टेकली की तिची आतली बाजू ५५ वर आणि बाहेरची ९५ वर चालते. वेगातला हा फरक घासूनच भरून निघतो, फायबर तापतं आणि झिजतं. म्हणूनच ही रचना हलक्या गाड्यांना मानवली. १९१३ च्या ग्लिडन टूर या लांब पल्ल्याच्या मोटार-स्पर्धेत मेट्झच्या संघाने बाजी मारली, त्यामुळे पद्धत कुचकामी होती असं कुणी म्हणू नये. जनरल मोटर्सने १९०९ मध्ये घेतलेली कार्टरकार मात्र १९१५ मध्ये बंद झाली.

फ्लँज:
आता दुरुस्ती. डाग उथळ असेल तर चाक काढून लेथवर धारदार टूलने अगदी हलके काप घ्या. बोथट टूल थर उचकटतं. खोल असेल तर दोन फ्लँजमधली (चाकाच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या तबकड्यांमधली) फायबरची कडी बदला. नवी कडी पुठ्ठ्याचे गोल थर एकावर एक चिकटवून, प्रेसमध्ये दाबून करतात. थरांच्या कडा चकतीला टेकल्या पाहिजेत, थराचा सपाट भाग नव्हे.

बसवण्याआधी डायल गेजने (बारीक डगमग मोजणाऱ्या काट्याच्या मापकाने) धातूच्या चकतीचं तोंड तपासा, ते डगमगत असेल तर नवी कडीही टिकणार नाही. आडव्या दांड्याची मध्यरेषा चकतीच्या बरोबर केंद्रासमोर हवी, वर-खाली असली तर कड आडवी घासते. चकतीमागचं थ्रस्ट बेअरिंगही (अक्षाच्या दिशेचा दाब झेलणारं) बघा, सगळा दाब तेच झेलतं. चकतीवर तेल आलं असेल तर पेट्रोलने पुसा आणि गळती आधी बंद करा, कारण फायबरने तेल प्यायलं की पुसून निघत नाही. गाडी उभी करताना दाब सुटलेला ठेवा.

आडवा_दांडा:
केंद्राचा मुद्दा तपासतो. ठोक्यांबरोबर एका बाजूने कड तिरकी झिजलेली दिसते, ती त्यामुळेच असेल का?

लेथवरचा:
तिरकी झीज बहुतेक वेळा दांडा चकतीच्या तोंडाला समांतर नसल्याने येते. चाक दोन्ही टोकांना नेऊन फायबर आणि चकती यांमधली फट फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. दोन्हीकडे सारखी आली पाहिजे. फरक असेल तर दांड्याच्या एका बेअरिंगखाली शिम (पातळ पत्रा) घाला, मगच कडी लेथवर न्या.