'भावना दुखावणे' की 'भावना दुखवणे'?

प्रश्न : 'धार्मिक भावना दुखावल्याप्रकरणी गुन्हा दाखल' असं बातम्यांत कायम वाचतो. इथे 'दुखावणे' बरोबर की 'दुखवणे'? दोन्हींत काही फरक आहे का?

प्रतिसाद : आहे, आणि या बाबतीत तर फार महत्त्वाचा. 'दुखावणे' मुळात अकर्मक. खेळताना गुडघा दुखावतो, बोलणं लागलं की माणूस दुखावतो. 'दुखवणे' सकर्मक; कुणीतरी कुणाचंतरी मन दुखवतं. आताशा 'त्याने मला दुखावलं' सर्रास बोलतात, त्याला मी चूक म्हणणार नाही.

पण बातमीतल्या त्या वाक्यात कर्ताच नाही. भावना दुखावल्या, की गुन्हा झाला! कायदा मात्र कर्त्याकडे पाहतो. दंड संहितेत १९२७ साली कलम २९५-अ आलं, त्यात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या अपमानाची अट आहे. आताच्या न्याय संहितेत कलम २९९ मध्येही ती कायम आहे. १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं ते याच अटीकडे बोट दाखवून. अनवधानाने किंवा निष्काळजीपणाने झालेला अपमान त्यात बसत नाही.

दुसरा प्रतिसाद : पण ज्याच्या श्रद्धेची टवाळी होते त्याचं दुखणं खोटं का? व्याकरण काढून ते उडवून लावू नये.

प्रतिसाद : खोटं मुळीच नाही. दुखावलेल्याने निषेध करावा, खरमरीत उत्तर लिहावं, तो त्याचा हक्कच आहे. मात्र समोरच्याला कोठडीत घालायचं तर त्याचा हेतू तपासायलाच हवा. नाहीतर काय होतं ते २०१२ मध्ये पालघरला दिसलं. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद राहिली, त्याविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या तरुणीला अटक झाली, आणि ती पोस्ट नुसती लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही! तेव्हा आयटी कायद्यात ६६-अ कलम होतं, 'त्रास', 'गैरसोय' असल्या मोघम शब्दांचं. त्यांत काय बसतं नि काय नाही, कुणालाच नेमकं सांगता येईना. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते अख्खं कलम रद्द केलं.

म्हणून बातमी लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती : 'भावना दुखवल्याचा आरोप' असं लिहा. मग कुणी दुखवल्या, काय बोलून, हे पुढच्या ओळीत द्यावंच लागेल.