बाटलीतली बटाट्याची रोपं काडीसारखी वाढतायत, मदत हवी आहे (तातडीने)

काचघर: टिश्यू कल्चरची रोपं आहेत (निर्जंतुक बाटलीत वाढवलेली). नवे दिवे लावल्यापासून सगळा लॉट बिघडलाय. बारा दिवसांत शेंडा झाकणाला टेकतो, पानं मोहरीएवढी, खोडावर पांढऱ्या मुळ्या लोंबतायत. मीडिया (बाटलीतलं पोषक माध्यम) तोच, जात तीच. परवा सबकल्चर (तुकडे करून नव्या बाटल्यांत लावणं) आहे. लाईट वाढवू की कमी करू, एवढंच सांगा.

डोळस: "एवढंच" कसं सांगणार? दिवे कसले, किती तास, तापमान?

काचघर: नेहमीचंच हो! एमएस (मुराशिगे-स्कूग) मीडिया, साखर ३ टक्के, २४ अंश, १६ तास. दिवे एलईडी. लक्समीटरवर १,२०० येतात, ट्यूबखाली ३,००० यायचे. म्हणून विचारतोय.

जुनी_ट्यूब: एलईडीच्या नादी लागलात तिथेच फसलात. मी आयुष्यभर पांढऱ्या ट्यूबवर बटाटा काढला, एक काडी वाकडी गेली नाही.

डोळस: आणि चोकच्या उष्णतेने वरच्या फळीवरच्या बाटल्या तापायच्या, ते विसरलात वाटतं.
काचघर, लक्समीटर माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतो. हिरव्या-पिवळ्याला झुकतं माप, लाल-निळ्याला कात्री. पांढऱ्या ट्यूबच्या ३,००० लक्सचे साधारण ४० मायक्रोमोल (झाडाच्या उपयोगाचे प्रकाशकण, दर चौरस मीटरला दर सेकंदाला) धरतात, तो हिशेब तुमच्या दिव्यांना लावू नका. रंग कोणता?

काचघर: गुलाबी म्हणून घेतले. आत्ता खालून वाकून बघितलं तर दहात एक निळा, त्यातलेही काही बंद. बाकी लालच लाल.

डोळस: मग काय! नुसत्या लालवर खोड ताणतं. उंचीला लगाम घालतो तो निळा, पानही त्यानेच पसरतं. लाल वाढवलात तर झाकण फोडून बाहेर येतील.

कंदमूळ: मी तर म्हणतो सरळ अंधारात ठेवा, साखर ८ टक्के करा. सूक्ष्मकंद (बाटलीतच इवलेसे बटाटे) धरतात, रोपं हवीत कशाला?

काचघर: मला रोपंच हवी आहेत.

शेंडेफळ: खोडावरच्या मुळ्यांचं कुणीच बोलत नाही? बारीक पानं आणि हवेतल्या मुळ्या म्हणजे मला आधी इथिलीनचा (झाडं स्वतःच सोडतात त्या वायूचा) वास येतो. बाटली घट्ट बंद असली की तो आत साचतो, आणि बटाटा त्याला फार हळवा. पॅराफिल्म (झाकणाभोवतीची ताणणारी फिल्म) किती गुंडाळता?

काचघर: दोन वेढे. पण दोन बाटल्या जुन्या ट्यूबखाली राहिल्यात, त्या ठणठणीत आहेत. म्हणजे दोष लाईटचाच ना?

शेंडेफळ: त्यांनाही दोन वेढे?

काचघर: एकच. बुरशी यायला लागली म्हणून गेल्या महिन्यात दुसरा सुरू केला. हे सांगायचं राहिलं.

शेंडेफळ: घ्या! दोन गोष्टी एकदम बदलल्यात आणि खापर एकीवर. परवा चार गट करा: लाल-एकेरी, लाल-दुहेरी, पांढरा-एकेरी, पांढरा-दुहेरी. एकाच रोपाच्या गाठी (डोळा असलेले खोडाचे तुकडे) चौघांत वाटा.

नवखा७: घरच्या बटाट्याला मोड आलेत, त्याला एलईडी दाखवला तर चालेल का?

डोळस: उजेडात कंद हिरवा होतो आणि सोलॅनिन हे विष वाढतं, खाऊ नका. वेगळा धागा काढा.

काचघर: अठरा दिवसांनी सांगतोय. पांढऱ्याखाली दोन्ही गट बुटके. लालखाली दोन्ही लंबूटांग. पण मुळ्या फक्त दुहेरीवाल्यांना लोंबल्यात, दिवा कुठलाही असो. एलईडीच्या पट्ट्या बदलतोय, दुसरा वेढाही काढला. आता बुरशीचं काय करू?

जुनी_ट्यूब: ट्यूब लावा.