'गॉडहेड'ला मराठीत काय म्हणावं? त्रैक्य, त्रिमूर्ती की आणखी काही?

अनुवादिका
मॉर्मन पंथावरच्या एका माहितीपटाचे मराठी सबटायटल्स करते आहे. त्यात एक वयस्क सभासद म्हणतो, 'आम्ही गॉडहेड मानतो, ट्रिनिटी मानत नाही.' दोन्ही शब्द पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांसाठीच आहेत. मी आधी दोन्हीकडे 'त्रैक्य' लिहिलं होतं. पण मग वाक्याचा अर्थच उरेना: 'आम्ही त्रैक्य मानतो, त्रैक्य मानत नाही.' तपासणाऱ्यांनी गॉडहेडच्या जागी 'त्रिमूर्ती' घातलं. ते मला पटत नाही. कुणी शब्द सुचवेल का? एका ओळीत बसायला हवा.

वसईकर
त्रिमूर्ती अजिबात नको. तो शब्द ब्रह्मा-विष्णू-महेशांसाठी इतका घट्ट आहे की प्रेक्षक तिकडेच जाईल. त्रैक्य आम्हा कॅथलिकांच्या रोजच्या प्रार्थनेतला शब्द. पेंटेकॉस्टनंतरच्या (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणानंतरच्या) रविवारी त्रैक्याचा सण असतो. देव एक, व्यक्ती तीन, सत्त्व एकच. 325 साली नायसियाच्या धर्मपरिषदेत पुत्र पित्याशी 'एकसत्त्व' आहे असं ठरलं, आणि मॉर्मन लोकांना अमान्य आहे ते नेमकं हेच. म्हणून त्यांच्यासाठी त्रैक्य वापरू नये.

युटाहवासी
माझे शेजारीपाजारी बहुतेक याच चर्चचे. त्यांच्याकडून वर्षानुवर्षं ऐकलेलं सांगतो. पित्याला हाडामांसाचं, पण अविनाशी शरीर आहे. पुनरुत्थित येशूलाही आहे. पवित्र आत्म्याला तेवढं नाही. तिघे वेगवेगळे. एक आहेत ते हेतूने आणि मनाने, सत्त्वाने नव्हे. त्यांचा आधार बायबलमधलाच असतो. योहानाच्या 17व्या अध्यायात येशू शिष्यांसाठी प्रार्थना करतो की, आपण जसे एक आहोत तसे त्यांनीही एक व्हावं. शिष्य काही एका सत्त्वाचे होणार नव्हते, मग पिता-पुत्राचं ऐक्यही तसंच का नसावं, असं ते विचारतात. शिवाय 1820 मध्ये त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला न्यूयॉर्क राज्यातल्या झाडीत जे दर्शन झालं, त्यात पिता आणि पुत्र दोघे शेजारी उभे दिसले, ही त्यांची मूळ श्रद्धा. तिथून सुरुवात केली की त्रैक्याकडे परत जाता येत नाही.

ओसरीवरून
मग 'सगुण साकार देवत्रयी' कसं वाटतं? पित्यालाच देह आहे म्हटल्यावर हा सगुण देवच झाला की.

वसईकर
सगुण म्हटलं की पाठोपाठ निर्गुण येतं. तेच तत्त्व कधी रूप घेतं, कधी अरूप असतं, असा त्यात भाव आहे. मॉर्मन पित्यामागे कुठलंही निर्गुण तत्त्व नाही. देह हे त्याचं घेतलेलं रूप नव्हे, तो मुळात तसाच आहे. आपल्याकडचा तयार शब्द सोयीचा असतो, पण तो स्वतःचं सगळं तत्त्वज्ञान बरोबर घेऊन येतो.

संधीविग्रह
मूळ शब्दाकडेही कुणीतरी बघा. 'त्रैक्य' व्याकरणाने चूक आहे. प्रति + एक = प्रत्येक, तसं त्रि + ऐक्य = त्र्यैक्य. मिशनऱ्यांच्या पंडितांनी घाई केली आणि आपण तेच गिरवत बसलो.

शब्दवेडी
त्रैलोक्य, त्रैमासिक, त्रैवार्षिक या शब्दांच्या वजनावर तो घडला असेल. पिढ्यान्‌पिढ्या लोक तो म्हणत आले, प्रार्थनापुस्तकांत छापत आले. ज्या शब्दावर माणसं गुडघे टेकतात तो तुम्ही संधीच्या नियमावरून खोडणार?

संधीविग्रह
श्रद्धेचा मी आदरच करतो. पण रूढीने चूक बरोबर होत नाही. उद्या कुणी 'प्रतेक' लिहिलं तर चालेल का?

शब्दवेडी
लोकांनी चालवलं तर चालेल. भाषा अशीच चालते.

युटाहवासी
दोघांनाही नमस्कार, पण अनुवादिकाताईंची खरी अडचण पुढे येईल. दोन्हीकडचे बहुतेक शब्द सारखेच आहेत, अर्थ वेगळे आहेत. 'साल्व्हेशन' घ्या. मराठी प्रोटेस्टंट त्याला 'तारण' म्हणतात. मॉर्मन मतात येशूच्या प्रायश्चित्तामुळे पुनरुत्थान सगळ्यांनाच मिळतं, आणि बहुतेक सगळे तीनपैकी कुठल्या ना कुठल्या गौरवी राज्यात जातात. कायमच्या अंधारात पडणारे फार थोडे. पण त्याच्या वर आणखी एक पायरी आहे, 'एग्झाल्टेशन'. सर्वोच्च राज्यात देवासारखं होणं, आणि तेही पतिपत्नीने मिळून. त्यासाठी मंदिरात 'सीलिंग' झालेलं लग्न लागतं. एग्झाल्टेशनला मी 'उन्नयन' म्हणेन.

ओसरीवरून
सीलिंगला 'जन्मोजन्मीची गाठ' फार सुंदर बसेल!

युटाहवासी
सुंदर आहे, पण चुकीचं चित्र उभं राहील. त्यांच्यात पुनर्जन्म नाही. पृथ्वीवर येण्याआधी आत्मा देवाजवळ असतो असं ते मानतात, पण देहातला जन्म एकच. 'अनंतकाळची लग्नगाठ' म्हणा.

वसईकर
इथे फरक केवळ शब्दाचा नाही. मत्तयाच्या 22व्या अध्यायात येशू सदूकी या यहुदी पंथाच्या लोकांना सांगतो की पुनरुत्थानानंतर लोक लग्न करत नाहीत. आम्ही त्यावरून मानतो की लग्न मृत्यूपर्यंतचं.

युटाहवासी
त्यांचं उत्तर असं: तिथे लग्न *करत* नाहीत, म्हणून ते इथेच, योग्य अधिकाराखाली करून घ्यावं लागतं.

शब्दवेडी
पण माणसाने देव होणं हे पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेतही आहे ना? चौथ्या शतकातल्या बिशप अथनासियसचं वचन प्रसिद्धच आहे: देव मनुष्य झाला तो मनुष्याने देव व्हावं म्हणून.

वसईकर
आहे, पण तिथे मनुष्य देवाच्या कृपेत सहभागी होतो. निर्माता आणि निर्मिती यांतली रेघ पुसली जात नाही. जोसेफ स्मिथने 1844 च्या एप्रिलमध्ये इलिनॉयमधल्या नॉवू गावी दिलेल्या प्रवचनात देव स्वतः कधीकाळी माणूस होता असं सांगितलं. शिवाय त्यांच्या मते देवाने जग शून्यातून निर्माण केलं नाही, मुळात असलेल्या द्रव्याला आकार दिला. मला विचाराल तर त्रैक्यापेक्षाही मोठी दरी इथे आहे.

कोकणकडा
मग बाप्तिस्मा? तोही पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानेच देतात ना ते?

वसईकर
हो, जवळपास त्याच शब्दांत, पाण्यात पूर्ण बुडवून, आणि लहान बाळांना नाही, आठव्या वर्षानंतर. तरी 2001 मध्ये व्हॅटिकनने तो बाप्तिस्मा वैध नाही असं जाहीर केलं. एरवी कितीतरी प्रोटेस्टंट चर्चचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करतं. इथे नावं तीच असूनही त्या नावांमागचा देव तोच मानला जात नाही, असं कारण होतं. आणि कृपया बाप्तिस्मा नको, 'स्नानसंस्कार' म्हणा. छान मराठी शब्द आहे.

कोकणकडा
आमच्या मंडळीत बाप्तिस्माच म्हणतात. ग्रीक शब्द आहे, पण आता तो आमचाच.

संधीविग्रह
स्नानसंस्काराला माझा पाठिंबा.

पुण्याहून
म्हणजे ते ख्रिस्ती नाहीत असं म्हणायचं का? येशूला देवाचा पुत्र मानतात, त्याच्या नावाने प्रार्थना करतात, दर रविवारी भाकरीचा संस्कार करतात (द्राक्षारसाऐवजी पाणी घेतात). चर्चच्या नावातच येशू ख्रिस्त आहे. 1850 च्या दशकात त्यांचे प्रचारक आपल्या मुंबई-पुण्यातही येऊन गेले. त्यांना कुणी 'ख्रिस्तीसदृश' म्हटलं तर ते मला अपमानकारक वाटतं.

वसईकर
अपमानाचा हेतू नाही. माझ्या लेखी ख्रिस्ती या शब्दात नायसियाचा विश्वासांगीकार, म्हणजे तिथे ठरलेली श्रद्धेची घोषणा, येतो.

पुण्याहून
आणि त्यांच्या लेखी नायसियाच्या आधीच मूळ चर्च भ्रष्ट झालं होतं, ते 1830 मध्ये पुन्हा स्थापन झालं. शब्दाची व्याख्या एकाच पक्षाने का करायची? बायबलसुद्धा ते मानतात, 'जिथवर त्याचा अनुवाद अचूक आहे तिथवर'. त्यांच्या श्रद्धाविधानांत हे वाक्य आहे. अनुवादकांनी ते जरूर वाचावं.

शब्दवेडी
'मॉर्मन' हा शब्द तरी वापरावा का? 2018 मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी हे टोपणनाव सोडा, पूर्ण नाव वापरा असं आवाहन केलं. त्यांच्या प्रसिद्ध गायकवृंदाच्या नावातूनही तो शब्द त्याच वर्षी गेला. मूळ मॉर्मन म्हणजे त्यांच्या 'बुक ऑफ मॉर्मन' या ग्रंथातला, सोन्याच्या पत्र्यांवरचा मजकूर संकलित करणारा संदेष्टा.

संधीविग्रह
त्याची व्युत्पत्ती रंजक आहे. 1843 मध्ये छापलेल्या एका पत्रात जोसेफ स्मिथच्या नावाने 'अधिक चांगलं' असा अर्थ दिला आहे. इंग्रजी 'मोअर' आणि इजिप्ती 'मोन' जोडून. मला ती ओढूनताणून केलेली वाटते.

युटाहवासी
'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या पूर्ण नावात 'लॅटर-डे सेंट्स' येतं. 'अंतिम दिवसांचे संत'?

कोकणकडा
संत नको! मराठी माणसाला ज्ञानोबा-तुकोबा दिसतील. पौलाच्या पत्रांत 'सेंट्स'ला आमच्या बायबलमध्ये 'पवित्र जन' आहे, म्हणजे सगळेच विश्वासणारे. मॉर्मनांनाही तोच अर्थ अभिप्रेत आहे. 'अंतिम दिवसांतले पवित्र जन' म्हणा.

वसईकर
हे मात्र पटलं. आमच्याकडे संत म्हणजे चर्चने घोषित केलेले. पवित्र जनच योग्य.

अनुवादिका
सगळ्यांचे आभार. गॉडहेडचं अजून ठरलेलं नाही, पण आजच आणखी एक अडलं. अठरा वर्षांच्या प्रचारक मुलाला ते 'एल्डर' म्हणतात. काय करू?

कोकणकडा
मंडळीत एल्डरला 'वडील' म्हणतात. बायबलमध्येही तेच आहे.

शब्दवेडी
पडद्यावर मिसरूड फुटलेला मुलगा आणि खाली 'वडील' असं दिसलं, तर प्रेक्षक त्याचे वडील कुठे ते शोधत बसेल. 'एल्डर'च ठेवा.

संधीविग्रह
'ज्येष्ठ' का नको?

युटाहवासी
ते वयाचं नाव नाही, याजकपदातल्या एका दर्जाचं आहे. ज्येष्ठ म्हटलं की पुन्हा वयच येतं.

संधीविग्रह
मग 'याजक' म्हणा.

वसईकर
याजक नको. प्रीस्ट हा त्यांच्याकडे वेगळाच दर्जा आहे, एल्डरच्या खालचा. तो तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलालाही असतो.