मेणवलीची घंटा वसईला परत द्यावी का?

ढोल्याचा शेजारी (वाई):
वाईजवळ मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा बघून मागच्या घाटावर उतरलं की बुटक्या दगडी देवळात एक भलीमोठी घंटा दिसते. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा उतरवून आणल्या, त्यांतली ही. एक भीमाशंकरला आहे.

माझ्या मते ही परत द्यावी. वसई हे खाडीच्या तोंडावरचं बंदर, गलबतं बांधायची जागा. गोव्याखालोखाल पोर्तुगीजांचं मोठं ठाणं, उत्तरेकडच्या त्यांच्या मुलखाची राजधानी. १५३४ पासून दोनशे वर्षं ते तिथे होते. आज किल्ल्यात चर्चच्या उंच भिंती उभ्या आहेत, मनोरा आहे, पण घंटा इथे कृष्णेकाठी. आणि इथे तिचं कौतुक किती, तर लोक येतात, एक टोल देतात, फोटो काढतात आणि मिसळ खायला वाईत पळतात.

पोवई नाका:
परत? उसनी आणली होती का, राव? १७३७ ला वसईशेजारचं साष्टी बेट घेतलं, वसई पडायला आणखी दोन वर्षं गेली. एका अंगाला समुद्र, एका अंगाला दलदल. सुरुंगांनी तट पाडला तेव्हा कुठे आत शिरता आलं. हजारो माणूस कापलं गेलं आपलं. राज्य शाहू महाराजांचं, राजधानी सातारा. म्हणजे घंटा आपल्याच दरबाराची. आणि हरलेल्यांना सामानसुमान घेऊन सन्मानाने जाऊ दिलं होतं, हेही लिहा की.

कृष्णाकाठ (सांगली):
नाकेवाले, विजयाची खूण वगैरे ठीक आहे, पण नानांचा जन्म १७४२ चा, तोही तुमच्याच साताऱ्यातला. वसई पडली तेव्हा ते जन्मलेही नव्हते, आणि मेणवलीचा वाडा तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी उभा राहिला. मग घंटा मधल्या काळात दुसरीकडेच कुठेतरी असणार. एकदा हलली ती आणखी एकदा हलली तर काय बिघडलं? शिवाय ती नदीच्या घाटावर आहे. आम्ही सांगलीवाले २०१९ च्या महापुरानंतर नदीकाठच्या कुठल्याच वस्तूबद्दल निर्धास्त राहत नाही.

पोवई नाका:
तुमच्याकडे वारणा, पंचगंगा सगळ्यांचं पाणी तुंबतं. मेणवलीच्या वर धोम धरण आहे. भीती दाखवू नका.

वसईकर, मुक्काम सातारा:
बदलीमुळे इथे राहतो, घर वसईला. आमच्या वतीने बाकीच सगळे भांडतायत म्हणून लिहितो. मी ख्रिस्ती आहे आणि मला घंटा परत नको आहे.

नेऊन ठेवणार कुठे? किल्ला पुरातत्त्व खात्याकडे. आत गोन्सालो गार्सियांच्या नावाचं चर्च आहे, त्यांच्या सणाला तिथे मिस्सा (आमची प्रार्थना) होते. हे वसईत जन्मलेले, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले, भारतात जन्मलेले पहिले संत. बाकी बऱ्याच चर्चना छप्परसुद्धा नाही. वड-पिंपळाची मुळं चिऱ्यांत घुसलीत, वर खारा वारा. घंटा तिथे गेली तर एक तर गंजेल, नाहीतर कुठल्या तरी कोठारात पडेल. मेणवलीत ती निदान वाजते तरी. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले. तुमचा प्रतापगड आहे, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी आहेत. वसई नाही. माझं दुखणं ते आहे, घंटा नव्हे. मेणवलीत फक्त एक ठळक पाटी लावा: ही वसईच्या चर्चची, आणि वसई काय होतं ते चार ओळींत.

कृष्णाकाठ (सांगली):
मग प्रतिकृती ओतून वसई किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यापाशी ठेवा. दोन्ही बाजू खूश.

मिरजेचा तंबोरा:
प्रतिकृती दिसेल तशीच. नादाचं काय? आमच्याकडे तंबोऱ्याचा भोपळा बदलला तरी गवई नाक मुरडतात.

ढोल्याचा शेजारी (वाई):
वसईकर, तुमचा मान राखून सांगतो, पाटीने भागत नाही. छप्पर नाही म्हणून वस्तू द्यायची नाही, ही इंग्रजांची जुनी सबब आहे. भवानी तलवार मागताना आपण ती ऐकून घेतो का?

वसईकर, मुक्काम सातारा:
ऐकून घेत नाही, खरंय. पण तिथे मागणारे तुम्ही आहात. इथे मी मागतच नाहीये.

पोवई नाका:
मिटलं. पाटीचा खर्च वर्गणीतून करू, मी पहिला. आणि परत आणायचंच असेल तर मेणवलीचं दफ्तर आणा. नानांचे कागद इतिहाससंशोधक पारसनिसांनी साताऱ्यात जपले आणि शेवटी गेले पुण्याला, डेक्कन कॉलेजात. ते आधी येऊ द्या, मग घंटेचं बघू.

ढोल्याचा शेजारी (वाई):
दफ्तरासाठी वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्याच बाजूने लिहीन. फक्त पुणेकरांनी "इथे नीट जपलंय, तिकडे ठेवणार कुठे?" असं विचारलं की उत्तर तुम्ही द्या.