मदत हवी आहे: 'दिब्बुक'ला मराठीत काय म्हणावं?

आन्स्कीच्या 'दिब्बुक' या यिद्दिश नाटकातला (पहिला प्रयोग वॉर्सा, १९२०) एक प्रवेश अभिवाचनासाठी मराठीत करतोय. तळटीपांची सोय नाही, शब्द ऐकताक्षणी कळायला हवा. ऐन लग्नात नवरी लेआच्या तोंडून तिच्यावर प्रेम करणारा, मेलेला खोनेन बोलू लागतो, तिथेच अडलोय.

'गिलगुल'ला पुनर्जन्म चालून जातंय. 'दिब्बुक' म्हणजे ज्यू लोकसमजुतीत जिवंत माणसाच्या अंगात शिरलेला मृताचा आत्मा; शब्दाचा मूळ अर्थ चिकटलेला. खोनेन अविवाहित मेला म्हणून 'मुंजा' लिहून पाहिलं, तर सगळे थेट पिंपळाखाली पोचले! 'झपाटणं' आहे, पण मला नाम हवंय. मूळ शब्द ठेवायला वाचणारे तयार नाहीत.

निवेदनात 'इब्बुर'ही येतो: सज्जनाचा आत्मा जिवंत माणसात काही काळ मदतीला येतो. त्याला 'संचार' म्हटलं तर ऐकणाऱ्याला फक्त देवीच आठवेल का? आणि दिब्बुकसाठी कुठलं नाम सुचतंय?