मदत हवी: रात्री दोननंतरच स्पार्क टेस्टर का वाजतो?

तारवाला
वायरवर प्लास्टिकचं आवरण (इन्सुलेशन) चढवणाऱ्या एक्सट्रूजन लाइनवर रात्रपाळी आहे. दोन वाजेपर्यंत माल सुरळीत जातो, मग पहाटेपर्यंत दर दहा-बारा मिनिटांनी स्पार्क टेस्टर (आवरणातलं भोक उच्च व्होल्टेजने पकडणारं यंत्र) वाजतो. दिवसा तीच लाइन, तेच कंपाउंड (आवरणाचं प्लास्टिक), एकही फॉल्ट नाही. टेम्परेचर वरखाली करून पाहिलं, वितळलेलं प्लास्टिक गाळणारी जाळी बदलली. अजून तीन रात्री आहेत आणि रीलं रिजेक्ट होतायत. काय करू, लवकर सांगा.

गेजवाला
साइज? स्पीड? टेस्टरचं व्होल्टेज? पीव्हीसी की आणखी काही? कुठल्या झोनचं टेम्परेचर बदललंत?

तारवाला
पीव्हीसीच. १.५ चौ.मिमी, बारीक तारांचा कंडक्टर, इन्सुलेशन ०.७ मिमी, मिनिटाला ३०० मीटर, ६ केव्ही (६,००० व्होल्ट). बॅरल (प्लास्टिक वितळवणारी नळी) १५० अंशांपासून चढत हेडला (जिथे ते वायरवर चढतं) १७५.

हॉपरदादा
कंपाउंडमध्ये ओल आहे, दुसरं काही नाही. रात्री हवा दमट होते आणि उघडी पोती ती शोषतात. हॉपर ड्रायर ७०-८० अंशांवर दीड-दोन तास चालवा, पोती लागतील तशीच फोडा.

गेजवाला
दादा, कंपाउंडमध्ये ओल असती तर सगळ्या जाडीत बुडबुडे दिसले असते आणि पृष्ठभागही खडबडीत आला असता. दहा मिनिटांनी एकदा वाजणं तसं नसतं. तारवाला, फॉल्टची जागा कापून पाहिलीत का? आतून, कंडक्टरच्या बाजूला पोकळी असेल तर कंडक्टरच्या गार बॉबिनवर (रिळावर) धरलेलं दव किंवा ड्रॉइंगचं (तार ओढून बारीक करतानाचं) तेल. काळा ठिपका असेल तर हेडमध्ये जळालेलं पीव्हीसी. दोन फॉल्टमधलं अंतरही मोजा. सारखं येत असेल तर ३.१४ ने भागा, तेवढ्या व्यासाची पुली किंवा रोलर वायरला ओरखडतोय.

चटकन
एवढं कशाला? टेस्टर ४ केव्हीवर आणा, वाजायचा थांबेल.

गेजवाला
हे कृपया कुणी करू नका. खरं भोक असलेली वायर भिंतीत जाईल आणि तिथे कुणाचा तरी हात लागेल. व्होल्टेज इन्सुलेशनच्या जाडीवरून ठरतं, ऑपरेटरच्या सोयीवरून नाही.

रातराणी
दोन ते पाच ही वेळ बघता माणसाचाही विचार करा. पहाटे शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, लक्ष उडतं. त्या वेळात व्यासाची नोंद दर १५ मिनिटांनी उभं राहून घ्या, प्रखर उजेडात. कॅप्स्टनजवळ (वायर ओढणाऱ्या चाकाजवळ) वायर उडाली तर चालू लाइनवर हात घालू नका. आणि पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकणाऱ्या असाव्यात. उलट्या फिरवल्या की झोप जास्त बिघडते.

तारवाला
झोपेचं नाही विचारलं. पाच तुकडे कापले. एकातही काहीच नाही, म्हणजे भोकच नाही! अंतरही सारखं नाही.

रंगारी
काळ्यावरून पिवळ्यावर जाताना हेड नीट साफ केलं नाही की ठिपके येतात. रंगांचा क्रम फिक्याकडून गडदकडे ठेवा. साफ करायला पितळी पट्टी घ्या, पोलादी नको, हेडमधल्या, वायर बाहेर येते त्या डाय-टिपवर ओरखडे पडतात.

गेजवाला
इथे ठिपके नाहीत, रंगारी. तारवाला, भोक नसताना वाजतो म्हणजे वायर ओली जातेय. पाण्याच्या थरावरून करंट टेस्टरच्या मणी-साखळीपासून वायर थंड करणाऱ्या ट्रफच्या पाण्यापर्यंत सरकतो आणि टेस्टर त्याला फॉल्ट धरतो. एअर वायपरजवळचं (हवेच्या झोताने वायर कोरडी करतो तिथलं) प्रेशर किती? कंप्रेसरवरचं नको, वायपरजवळचं. रात्री दोनला कारखान्यात काय बदलतं?

तारवाला
काही नाही. मोठा कंप्रेसर बंद होतो, छोट्यावर चालवतात, ते नेहमीचंच. वायपरजवळ आत्ता पाहिलं, २ बार. दिवसा साडेपाच.

गेजवाला
हेच पहिल्या ओळीत हवं होतं. आता असं करा:
- वायपरच्या इन्सर्टचं (वायर ज्यातून जाते त्या बदलता येणाऱ्या तुकड्याचं) भोक मोजा. वायर साधारण ३ मिमी आहे, भोक साडेतीनच्या आसपास हवं. २.५ चौ.मिमीचं इन्सर्ट राहिलं असेल तर हवा नुसतीच निघून जाते.
- वायपरच्या आधी फेल्टचा पुसणी-पॅड लावा.
- हवेच्या फिल्टरमधलं पाणी काढा, नाहीतर वायपरच वायर भिजवेल.
- तोवर स्पीड २०० करा. स्क्रूचे आरपीएम त्याच प्रमाणात उतरवा, नाहीतर व्यास वाढेल.
- टेस्टरच्या साखळ्या पुसायच्या असतील तर आधी सप्लाय बंद.

हॉपरदादा
तरी कंपाउंड वाळवाच.

तारवाला
इन्सर्ट २.५ चंच निघालं. बदललं, पॅड लावला, २०० वर ४० मिनिटांत एकदाच वाजला. रिजेक्ट रीलांतले ११ खुणा केलेले तुकडे कोरडे करून परत टेस्टरमधून काढले. ९ पास, २ फेल. दोन्ही फेल बॉबिन बदलताना कंडक्टरला दिलेल्या जोडाजवळचे.

गेजवाला
मग ते दोन खरे. जोडापाशी सुटी तार वर उठते आणि इन्सुलेशनला आतून टोचते. जोड देताना तारांची टोकं पुढेमागे ठेवा, एकाच जागी जाड गाठ नको. टिपचं भोक झिजलंय का तेही बघा. सगळी रिजेक्ट रीलं रीवाइंडिंगवर (परत गुंडाळत तपासायला) घ्या, ६ केव्हीलाच, पूर्ण कोरडी. खरा फॉल्ट आला तिथे कापून तुकडे वेगळे करा. मोठ्या कंप्रेसरबद्दल मेंटेनन्सला लेखी द्या. पुढच्या महिन्यात त्या पाळीवर दुसरं कुणी असेल, त्याला हे कळायला हवं.

तारवाला
लिहून देतो. स्पीड परत ३०० करायला किती प्रेशर हवं?

गेजवाला
दिवसाचा साडेपाच बार आणि नवं इन्सर्ट असेल तर हरकत नाही. २०० वरून २५-२५ ने चढवा. टेस्टरच्या तोंडाशी वायरवर थेंब चमकू लागले की तिथून एक पायरी मागे या.